मृत्यूचं ठिकाण

माझा नवरा एका सकाळी कामठीला जाऊन येतो म्हणून निघाला, तो परत आला नाही.

घरात भांडण झालेलं नव्हतं. सीताबर्डीत त्याचं रेडिओ, मिक्सर आणि पुढे पुढे मोबाइल दुरुस्त करायचं लहानसं दुकान होतं. कामठीला कोणाकडे तरी यंत्रमागाची मोटार बघायची होती. त्याने पोहे खाल्ले. मी मुलीची वेणी घाईघाईत घातली होती, ती सोडून त्याने पुन्हा नीट घालून दिली. मग तो कोपऱ्यावर जाऊन शेअर ऑटोत बसला. बसताना त्याला आमच्या शेजाऱ्याने पाहिलं. उतरताना पाहणारा मात्र कोणीच सापडला नाही.

तो समोर होता तोवर मी त्याला अहो-जाहो करत असे. लिहिताना 'तो' असंच हातून उतरतं. इतकी वर्षं मनातल्या मनात त्याच्याशी भांडून मी एकेरीवर आले आहे.

पोलिसात हरवल्याची तक्रार दिली. पहिल्या वर्षी पोलीस अधूनमधून बोलावत. कुठे रेल्वेलाइनजवळ, कुठे तलावात बेवारस माणूस मिळाला की शवागारात जाऊन ओळख पटवायची. माझ्यासोबत माझा भाऊ यायचा, पण आत मीच जायचे. चादर बाजूला झाली की मी आधी भुवया बघायचे, मग हात. सोल्डरिंगच्या चटक्यांनी त्याच्या डाव्या अंगठ्याजवळ काळे ठिपके पडले होते. ते ठिपके नसले की 'हा नव्हे' म्हणून मी बाहेर यायचे. बाहेरच्या नळावर तोंड धुताना हायसं वाटायचं. त्याच रात्री मात्र तो परका माणूस माझ्या झोपेत यायचा. त्याला कोणीच 'हा आमचा' म्हटलेलं नसायचं, आणि मीही नाकारून आलेली असायचे. पुढे पुढे असं झालं की नवऱ्याचा चेहरा आठवायला गेलं की मधे त्या माणसांचे चेहरे यायचे. त्यांना बाजूला सारून त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागायचा.

आणि दिवसा तो सगळीकडे दिसायचा. मी धरमपेठेतल्या एका शाळेत मराठी शिकवते. एकदा शाळा सुटल्यावर बर्डीला उतरले तर पुढे तीच पाठ, तीच डाव्या बाजूला किंचित झुकलेली चाल. मी कपड्यांच्या हातगाड्यांमधून वाट काढत मागे मागे गेले. एका दुकानापाशी तो थांबला आणि वळला. कोणीतरी भलताच, तरुण माणूस होता. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यानेच विचारलं, ताई, काही हरवलं का. मी नाही म्हटलं.

घरी मी, मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंचं आयुष्य हातमागाच्या घरात गेलेलं. सासरे माग चालवत, त्या सुताच्या कांड्या भरत. मुलाने तो धंदा सोडला, माग विकला गेला, पण रस्त्याकडच्या पुढच्या खोलीला आम्ही मागाची खोलीच म्हणत असू. ती माझ्या नवऱ्याची. घरी दुरुस्तीला आणलेली यंत्रं तो तिथेच उघडून बसायचा. सासूबाईंनी त्या खोलीतलं काही हलवू दिलं नाही. पितृपक्ष आला की नातेवाईक हळूच विषय काढत, की एवढी वर्षं झाली, काहीतरी विधी करून टाकावा. त्या उठून आत निघून जायच्या. माझं कपाळ त्या रोज बघायच्या. टिकली लावायची राहिली तर काही बोलायच्या नाहीत, कुंकवाचा करंडा आणून माझ्यासमोर ठेवायच्या.

कायद्याप्रमाणे सात वर्षं माणसाची काही खबर नसली की त्याला मृत धरता येतं, हे मला वकिलाने कधीच सांगून ठेवलं होतं. सात वर्षं उलटली, आणखीही गेली, मी काही केलं नाही. केलं ते मुलीच्या लग्नानंतर.

लग्नाची पत्रिका छापायला दिली तेव्हा प्रेसवाल्याने विचारलं, वडिलांच्या नावाआधी श्री. टाकू की कै.? साधाच प्रश्न होता. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. शेवटी मुलगीच म्हणाली, नुसतं नाव टाका. पत्रिका छापून आली. सगळ्या नावांच्या आधी काही ना काही होतं, त्याचंच नाव उघडं. लग्न पार पडलं. पुण्याला जायच्या आदल्या दिवशी मुलीने ती पत्रिका माझ्यापुढे धरली.

"आई, बाबा आहेत की नाहीत, ते एकदा ठरव. मला आता कोणाला सांगताच येत नाही."

मी दावा दाखल केला. सासूबाईंना सांगूनच केला. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागली: अमुक इसमाबाबत कोणास माहिती असल्यास कळवावे. नोटीस आली त्या आठवड्यात सासूबाई फोनजवळून हलल्या नाहीत. फोन आले ते सगळे नातेवाइकांचे, आम्ही वाचली एवढं सांगायला. मग साक्षी झाल्या. शेजाऱ्याने ऑटोत बसताना पाहिल्याचं सांगितलं, भावाने शवागाराच्या फेऱ्या सांगितल्या. ज्या दिवशी निकाल आला त्या दिवशी न्यायाधीशांनी दोन-तीन ओळी वाचल्या आणि पुढची केस पुकारली. मी जिना उतरून खाली आले. बाहेर लख्ख ऊन होतं. वकील म्हणाले, आता हा हुकूम घेऊन झोन ऑफिसला जा, जन्म-मृत्यू विभागात नोंद होईल, दाखला मिळेल.

झोन ऑफिस म्हणजे महानगरपालिकेचं आमच्या भागातलं कार्यालय. तिथे जन्माची आणि मृत्यूची खिडकी एकच. रांगही एकच. माझ्यापुढे एक बाप होता, नुकतीच मुलगी झालेला. तो उभ्या उभ्या फोनवर कोणालातरी नाव सांगत होता आणि ऱ्हस्व-दीर्घ पुन्हा पुन्हा बजावत होता. त्याच्यापुढे एक माणूस होता, डोकं नुकतंच भादरलेलं, उन्हाने कातडी लाल झालेली. त्याने मागे वळून माझ्या हातातल्या कागदांकडे पाहिलं आणि विचारलं की माझं कोण गेलं.

मी म्हटलं, मिस्टर.

कधी, त्याने विचारलं. मी हातातले कागद सारखे करू लागले. तो माझ्या टिकलीकडे बघत होता. त्याला वाटलं असेल, फारच ताजं दुःख आहे. त्याने सरकून मला पुढे घेतलं. मी नको म्हणत होते, पण त्या बापानेही जागा दिली. असं मी माझं नसलेलं दुःख दाखवून खिडकीशी पोचले, आणि पोचल्यावर वाटलं, नसलेलं तरी कसं म्हणावं?

खिडकीत माझ्याच वयाची एक बाई होती. तिने आधार कार्डांच्या प्रती घेतल्या, अर्ज घेतला आणि कॉम्प्युटरवर भरायला लागली. मृताचं नाव. वडिलांचं नाव. पत्नीचं नाव. मी उत्तरं देत गेले. शाळेत हजेरी घेताना मुलं देतात तशी.

"मृत्यूचं ठिकाण? दवाखाना का घर?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

तिने मान वर केली. मी कोर्टाचा हुकूम पुढे सरकवला. तिने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. वाचताना ओठ हलत होते. वाचून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर कागदावर नेली. म्हणाली, अशी केस तिच्याकडे पहिल्यांदाच आली, तारीख हुकुमातली घेता येईल, पण ठिकाण भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. ती हुकूम घेऊन आत साहेबांकडे गेली. मागे कोणीही कुरकुर केली नाही.

बरीच वाट पाहिल्यावर ती आली.

"शेवटचा राहता पत्ता टाका म्हणतात साहेब. म्हणजे घर. चालेल ना?"

मी चालेल म्हटलं. तिने आमच्या घराचा नंबर टाइप केला, गल्ली टाइप केली, आणि मला वाचून दाखवलं. बरोबर आहे ना, असं विचारलं. पत्ता बरोबरच होता.

दाखला पुढच्या आठवड्यात मिळाला. मेट्रोत बसून तो उघडला. नवरा कोर्टाच्या हुकुमाच्या तारखेला, आमच्या राहत्या घरी मरण पावला होता. मला तो दिवस आठवला. निकाल ऐकून मी बर्डीवर उतरले होते, सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी तेलाची बाटली घेतली होती. घरी येऊन वांगं भाजलं होतं, भरीत केलं होतं. मनात आलं, तो आत्ता कुठेतरी असेल, कुठल्याशा गावात दुकान टाकून बसला असेल, तर त्याला हे कळणारही नाही. आणि उद्या येऊन दाराशी उभा राहिला, तर मी त्याला घरात घेईन की तो त्याच घरात वारला आहे म्हणून दाखवीन? समोरच्या सीटवर कॉलेजच्या मुली हसत होत्या. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

सासूबाई खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. मी दाखला काढला. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. वाचून दाखव, म्हणाल्या. मी नाव वाचलं, तारीख वाचली, नोंदणी झाल्याचं वाचलं. ठिकाणाची ओळ गाळली.

"कोठी गेला म्हणते?" त्यांनी विचारलं.

मी घुटमळले. मग सांगितलं, घरी असं लिहिलं आहे.

त्यांचा हात थांबला. पुन्हा त्यांनी तारीख विचारली, आणि तो कोणता दिवस होता ते विचारलं. मी म्हटलं, मी शेवटचं कोर्टात गेले तो, तुमचं तेल आणलं तो. त्यांनी मान हलवली. तो दिवस त्यांच्या लक्षात होता. मी दिवसभर बाहेर होते आणि त्या घरात एकट्याच होत्या.

लसणाची टरफलं पदरातून झटकून त्या म्हणाल्या, "त्या दिवशी दुपारी मागाच्या खोलीत खोकल्याचा आवाज आला होता वं. मले वाटलं तू आली. मी उठलीच नाई."

मी त्यांच्याजवळ बसले आणि सगळं समजावून सांगितलं. ठिकाण कोणाला माहीत नव्हतं म्हणून साहेबांनी घर टाकायला लावलं. तारीखही निकालाची आहे, खरी नव्हे. त्यांनी मधे न बोलता ऐकून घेतलं.

"मले समजते सगळं. मी का येडी हाओ? कागद कसा बनते ते मले समजते. पण आवाज आला होता."

त्या उठल्या, झाडू घेतला आणि मागाची खोली झाडायला लागल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याचं टेबल हलवलं. मी मदतीला गेले तर त्यांनी मला दारातच थांबवलं. झाडून झालं, पुसून झालं. संध्याकाळी भिंतीशी तेलाचा दिवा लावला आणि मला म्हणाल्या, पोरीले बोलाव, आता त्याले नेलं पाह्यजे.

ज्यांनी वर्षानुवर्षं श्राद्धाचं नाव काढू दिलं नाही, त्यांनी स्वतः गुरुजींना निरोप धाडला. गुरुजींनी सांगितलं की देह मिळाला नाही तर पळसाच्या काड्यांचा पुतळा करून त्याचे अंत्यसंस्कार करतात, तो विधी आहे. पळस आमच्याकडे काही दुर्मीळ नाही. भाऊ उमरेडच्या रस्त्याने जाऊन मोटारसायकलवर भारा बांधून घेऊन आला. मुलगी आणि जावई पुण्याहून आले.

पुतळा मागाच्या खोलीतच केला. डोक्याच्या जागी नारळ, हातापायांना काड्यांच्या जुड्या दोऱ्याने बांधलेल्या. गुरुजी मंत्र म्हणत एकेक अवयव जोडत होते. पांढरं वस्त्र घालायचं होतं, तेवढ्यात सासूबाई कपाटातून त्याचा निळ्या चौकडीचा शर्ट घेऊन आल्या. गुरुजींनी थोडा विचार केला आणि मान डोलावली. तो शर्ट अंगावर आल्यावर खोलीतलं बोलणं बंद झालं. तोपर्यंत तो नुसता पळस होता. मी दारात उभी होते, आणि शवागारात करत असे तसं मी आधी भुवयांकडे पाहिलं. तिथे नारळाची शेंडी होती. हातांकडे पाहायचं धैर्य मला झालं नाही.

सासूबाई त्याच्या उशाशी बसल्या. त्या ओरडल्या नाहीत, छाती पिटली नाही. वाकून त्या पुतळ्याच्या कानाशी काहीतरी बोलल्या, बराच वेळ. ते काय होतं ते मी कधी विचारलं नाही.

तिरडी उचलली तेव्हा एक विचित्र गोष्ट झाली. ती इतकी हलकी होती की खांदेकऱ्यांची पावलं जुळेनात. ओझं असलं की माणसं आपोआप एका चालीने चालतात. इथे चौघे चार तऱ्हेने चालले होते, आणि तिरडी उगाच हेलकावत होती, जणू वरचा माणूस कूस बदलतो आहे. घाटावर नोंद घेणाऱ्याने मृताचं नाव विचारलं, डॉक्टरचा कागद मागितला. भावाने दाखलाच पुढे केला. तो गोंधळला. लोक आधी घाटावर येतात, मग दाखल्याला जातात. आमचं उलटं होतं. भावाने त्याला बाजूला घेऊन समजावलं.

अग्नी मुलीने दिला. पळसाच्या वाळल्या काड्या भर्रकन पेटल्या. शर्ट मात्र थोडा वेळ धुमसत राहिला. सगळं इतक्या लवकर आटोपलं की आलेली माणसं कुठे बघावं ते न कळून हातातल्या फोनकडे बघू लागली. मुलगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी होती. तो गेला तेव्हा ती लहान होती, रडली नव्हती, तिला कळलंच नव्हतं. या वेळी ती रडली. घरी जाताना ऑटोत म्हणाली, "आता कै. लिहिता येईल." आणि पुन्हा रडली.

दहाव्याला नात्यातल्या दोन बायका माझं कुंकू पुसायला, बांगड्या उतरवायला पुढे झाल्या. सासूबाईंनी त्यांना हाताने अडवलं. तिचं तिले पाहू द्या, एवढंच म्हणाल्या. मी मंगळसूत्र काढून कपाटात ठेवलं. टिकली लावते, बारीक, काळी. कोणी काही म्हणत नाही.

त्यानंतर एक बदल झाला, तो सांगताना मला अजूनही थोडं चमत्कारिक वाटतं. बाहेर तो दिसेनासा झाला. बर्डीच्या गर्दीत, बसस्टॉपवर, मेट्रोच्या जिन्यावर आता सगळी माणसं आपापलीच दिसतात. पण घरात तो आला आहे. मागाच्या खोलीत कोणी झोपत नाही. जावई आले की तेही आतल्या खोलीत गादी घालतात, कारण सांगत नाहीत. दुपारच्या वेळी सासूबाई तिथे दार लोटून बसतात आणि हळू आवाजात बोलत राहतात. पूर्वी 'येईल तेव्हा' असं त्या बोलायच्या. आता 'होता' म्हणतात. मला खोकला ऐकू येतो का, असं मुलीने एकदा फोनवर विचारलं. मी म्हटलं, उन्हाळाभर इथे कूलर चालू असतो, त्याच्या घरघरीत माणसाला काय वाटेल ते ऐकू येतं. ती म्हणाली, म्हणजे येतो. मी विषय बदलला.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. शाळेला सुट्ट्या होत्या. मी स्वयंपाकघरात होते आणि मागाच्या खोलीतून सासूबाईंच्या हसण्याचा आवाज आला. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. मी चहा टाकला, कप घेऊन गेले आणि प्रथमच त्यांच्याजवळ त्या खोलीत बसले. त्यांनी मला जवळ सरकायला सांगितलं.

त्या त्याच्या लहानपणचं सांगायला लागल्या. सहा-सात वर्षांचा असेल. एकदा सकाळपासून तो सापडेना. विहिरीत गळ टाकले, नाल्याकाठी माणसं गेली, सासऱ्यांनी माग बंद ठेवून सगळी वस्ती पालथी घातली. दिवे लागायच्या वेळी तो स्वतःच बाहेर आला. दिवसभर सुताच्या गाठोड्यांमागे लपून बसला होता. सगळे आपल्याला शोधतात ते त्याला तिथून ऐकू येत होतं आणि मजा वाटत होती. भूक लागली म्हणून बाहेर आला.

सांगताना त्यांना पुन्हा हसू आलं. मग त्या थांबल्या. चहाच्या कपाला हात लावून तो गरम आहे का ते पाहिलं.

"लय मारलं होतं मी त्याले तवा," त्या म्हणाल्या. "जेवाले दिलं ते मंग."